लाखेचा डबा आणि एकच असल

आमच्या ऑफिसात बाहेरची हार्ड डिस्क आली तेव्हा शतक संपायला दोन-तीन वर्षं होती. बाहेरची म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात न बसणारी. दोन विटा एकावर एक ठेवाव्यात एवढा राखाडी डबा. मागे प्रिंटर लावायच्या जागी तिची केबल लावायची. आदिलाबादच्या शिक्षण खात्यात एक कॉम्प्युटर, निर्मलच्या ऑफिसात दुसरा, आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांची माहिती दोघांत अर्धी अर्धी. ती एकत्र करायला आधी एकवीस फ्लॉप्या बसने जात. सतरावी हमखास खराब निघे. म्हणून हा डबा.

त्याला हार घातला गेला. नारळ मात्र कॉम्प्युटरवर फोडता येत नाही म्हणून उंबऱ्यावर फोडला. साहेबांनी भाषण केलं. त्यात विज्ञान, प्रगती आणि स्वतःची बदली हे तीन विषय होते. डबा घेऊन आलेला हैदराबादचा इंजिनिअर कोपऱ्यात उभा होता. भाषण संपल्यावर त्याने मला, म्हणजे टायपिस्टला, बाजूला घेऊन हिंदीत तीन गोष्टी सांगितल्या. एका वेळी एकाच मशीनवर लिहायचं. दोन्हीकडे नक्कल ठेवायची. आणि लाल दिवा पूर्ण विझल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही. "स्क्रीन पे हो गया दिखेगा, पर अंदर लिखना चालू रहता है," तो म्हणाला. मला ते पटलं. आमच्या ऑफिसातही 'झालं' म्हटल्यावर काम सुरू होई.

त्या उन्हाळ्यात सरकार कच्च्या शिक्षकांना कायम करणार होतं. कच्चे म्हणजे सीमेवरच्या गावांतल्या मराठी शाळांत चिठ्ठीवर नेमलेले. त्यांना हजेरीपत्रकावर सही करायची परवानगी नव्हती. त्यांचे दिवस महिन्याच्या चिठ्ठीवर येत, मी ते कॉम्प्युटरमध्ये घालत असे, आणि चिठ्ठ्या रद्दीत जात. कॉम्प्युटर आल्यावर कागद कशाला, असा लेखी हुकूमच होता. कागदावर.

या कच्च्यांत माझी धाकटी बहीण होती. तलमडुगुकडच्या एका शाळेत ती तीन वर्षं शिकवत होती. वयाच्या अटीत बसण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. यादीत नाव आणि पुरेसे दिवस असले तर नोकरी; नाहीतर कायमचं नाही. तिचे दिवस मीच घातले होते. लागत होते त्यापेक्षा चार जास्तच भरत होते.

शेजारच्या टेबलावरचा क्लार्क एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "काय हो भाऊ, बहिणीचे दिवस वाढवून राह्यले का? तुमच्या पेटीत कोण पाहाले बसलं हाय?"

हसले सगळे. मीही हसलो. ते हसणं मला महागात पडलं.

आमचे सुपरिंटेंडेंट जुन्या काळातले, उर्दूत शिकलेले. कागदाची असल, म्हणजे मूळ प्रत, आणि नक्कल यांतला फरक त्यांना धर्मासारखा होता. डबा पहिल्यांदा निर्मलला निघायचा होता तेव्हा मी म्हणालो की यादीची एक प्रत आपल्या मशीनवर राहू द्यावी.

"डिब्बे में भी और मशीन में भी?" त्यांनी चष्मा काढला. "फिर असल कौन सी?"

"दोन्ही सारख्याच, साहेब."

"अरे भाई, दो असल कभी होती है क्या? कल को फरक निकला तो?"

शेजारचा क्लार्क वर न बघता म्हणाला, "फरक निघालाच तर कोणत्या नावापाशी निघंल, मालूमच हाय."

मग मी जे केलं ते शुद्ध अभिमानापोटी. प्रत माझ्याकडे राहिली तर मी तिच्यात फेरफार करीन असं कोणाला वाटायला नको, म्हणून दोन साक्षीदार उभे केले, पंचनामा टाइप केला आणि यादी डब्यात उतरवून मशीनवरून पुसून टाकली. निर्मललाही तसाच हुकूम गेला: तुमची नावं डब्यात टाका आणि तुमची प्रत पुसा. जिल्ह्यात आता एकच असल होती.

ती सुपरिंटेंडेंटांनी मांजरपाटाच्या कापडात शिवून घेतली आणि शिवणीवर लाख वितळवून पितळी मोहोर मारली. प्रत्येक ठोक्याला माझा जीव वर-खाली होत होता. इंजिनिअरने जाता जाता धक्क्यांबद्दलही काहीतरी सांगितलं होतं.

गुरुवारी घाटातून बसने डबा मांडीवर घेऊन निर्मलला गेलो. शुक्रवारी सकाळी तिथल्या टायपिस्टने कापड उसवलं, केबल लावली. यादी उघडली. लाखेने काही बिघडलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. तिने आपली नावं घालायला सुरुवात केली. सव्वादहा वाजले असतील, तेव्हा तिथले साहेब आत आले. मागे शिपाई, हातात ताट. ताटात हळद, कुंकू, शाल. डबा समारंभाने सुपूर्द करायचा होता.

"साढ़े दस से राहुकालम है," साहेब म्हणाले. "उससे पहले डिब्बा मेरे हाथ से निकलना चाहिए. नहीं तो बारह के बाद."

स्क्रीनवर 'झालं' आलं होतं. डब्यावरचा लाल दिवा मात्र लुकलुकत होता. टायपिस्ट मला हळूच म्हणाली, "अण्णा, दोन मिनिटं थांबा."

आमच्या घरात पंचांग नाही. वडिलांनी ते टाकलं त्याला माझ्या वयाइतकी वर्षं झाली होती. राहुकाळात मी लग्न केलं आणि ते टिकलं. बारा वाजेपर्यंत थांबून दुपारच्या बसने गेलो असतो तरी चाललं असतं. पण यादी सोमवारी हैदराबादला पोचायलाच हवी होती, आणि तिच्यावर त्या साहेबांची सही व्हायची होती. ते चिडले, सही लांबली, सोमवार हुकला, तर बहिणीचं काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी केबल काढली. हात माझाच होता, राहूचा नव्हता.

शाल डब्याला मिळाली.

आदिलाबादला चार वाजता डबा लावला. यादीचं नाव दिसलं. आत काहीच नव्हतं. पुन्हा लावला. मशीन बंद करून सुरू केलं. वेगळी केबल लावली. नाव दिसे, आत रिकामं. एसटीडी बूथवरून इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, डबा पाठवा, पंधरा दिवस लागतील. मग विचारलं, मशीनवरून पुसलेलं परत आणता येईल, त्यावर नंतर काही लिहिलं का? लिहिलं होतं. दोन दिवसांची सगळी परिपत्रकं. त्यातलं पहिलं डब्याच्या सुरक्षेबाबत होतं.

बूथमधून बाहेर आलो तर बहीण ऑफिसच्या पायऱ्यांवर बसली होती. यादी झाली का, हे विचारायला शाळेतून परस्पर आली होती.

"दादा, काऊन असा चेहरा केला?"

मी सांगितलं. केबलचंही सांगितलं. ती चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"पुसली काऊन पण तू?"

"लोक बोलत होते."

"लोक आताबी बोलतीनच," ती म्हणाली. मग एकदम, "टाचणवही चालते का?"

टाचणवही म्हणजे शिक्षकाने रोज काय शिकवणार ते लिहून हेडमास्तरांची सही घ्यायची वही. हजेरीपत्रकावर कच्च्यांना जागा नव्हती, पण टाचण त्यांना चुकलं नव्हतं. दिवसाला एक सही. सुपरिंटेंडेंट विचार करून म्हणाले, चालेल. वही असल आहे.

बसच्या कंडक्टरांबरोबर गावोगाव निरोप गेले. निर्मलचीही प्रत हुकुमाप्रमाणे पुसली गेली होती; तिथले शिक्षक तिथल्याच ऑफिसात वह्या दाखवणार होते आणि आकडे फोनवर येणार होते. शनिवार-रविवारी आमच्या व्हरांड्यात कच्चे शिक्षक पिशव्यांत वह्या घेऊन बसले. काही वह्यांना तेलाचे डाग, एकीला उंदराने कुरतडलेलं. बहीण सह्या मोजून आकडा वाचायची, शेजारचा क्लार्क पुन्हा मोजायचा, मी टाइपरायटरवर तीन कार्बन लावून यादी मारायचो. कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं होतं.

रविवारी दुपारी बहिणीच्या स्वतःच्या वहीची पाळी आली. तिचे हेडमास्तर निवडणुकीच्या कामावर गेले होते तेव्हाची एकोणीस टाचणं होती, स्वच्छ अक्षरात लिहिलेली. सही एकावरही नव्हती. सह्या मोजल्या तर पंधरा दिवस कमी पडत होते.

 सुपरिंटेंडेंटच म्हणाले, "लिख दो भाई. मशीन में पूरे थे, मैंने खुद देखा है."

आणि शेजारचा क्लार्क, तोच, म्हणाला, "टाका ना भाऊ. कोण पाहाले येते?"

खरा आकडा मला पाठ होता. बोटं कळांवर होती. मी बहिणीकडे पाहिलं. तिने वही मिटली आणि इतरांचा वाचला तसाच, सह्यांचा आकडा वाचला. न थांबता. मी तो मारला. तिने पुढचं नाव घेतलं.

यादी सोमवारी हैदराबादला पोचली. ती रवाना होण्याआधी बहिणीने तिसरा कार्बन मागून घेतला आणि टाचणवहीत घडी करून ठेवला.

जूनमध्ये ऑर्डर आली. व्हरांड्यात बसलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांची नावं होती, तिचं नव्हतं. त्या संध्याकाळी ती घरी आली, वहीतून कार्बन काढला आणि माझ्यासमोर उलगडला. जांभळी अक्षरं थोडी पसरली होती. आपल्या नावापुढच्या आकड्याखाली तिने बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"टायपिंग चांगलं हाय तुझं," ती म्हणाली. "एकबी खाडाखोड नाही."