मॉरिशसच्या डाळपुरीत पुण्याचा गूळ

लीड्सला उतरले तेव्हा जूनचं ऊन इतकं कोवळं होतं की ओंजळीत घेऊन प्यावंसं वाटलं. ऐंशीच्या दशकातला तो माझा पहिलाच विलायतप्रवास. न्यायला आलेली मावसबहीण सुधा तिथल्या रुग्णालयात डॉक्टर. गाडीतच म्हणाली, "दमली नाहीस ना? माझ्या किचनमध्ये आज मॉरिशस उतरलंय!"

मॉरिशस म्हणजे मालिनी, सुधाच्या वॉर्डातली नर्स. तिचे पणजोबा कोकणातून तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेलेले. तिची मराठी संथ, जुन्या वळणाची, मध्येच क्रेओलचा (फ्रेंचमधून घडलेल्या बेटावरच्या बोलीचा) शिडकावा. दुपारी वस्तीच्या सभागृहात तिच्या डाळपुरीची चव पाहिली जाणार होती. पसंत पडली, तर शनिवारचा स्टॉल तिचा आणि रात्रपाळीतून सुटका.

ओट्यावर शिजलेल्या चणाडाळीची दोन पातेली वाफाळत होती. शेजारी रुगाय (टोमॅटोचा दाट रस्सा) रटरटत होता. आलं, लसूण आणि थाईमच्या पाल्याचा रानवट गंध एकमेकांच्या गळ्यात पडलेला.

"डाळ आजीची, रुगाय फ्रेंच मालकांच्या खानसाम्यांचा, मिरची सगळ्यांची," मालिनी हसली. "ताई, आम्ही टेबलं घेऊन येतो. एवढं एक पातेलं वाटून ठेवाल?"

मी आनंदानं तरंगत कामाला लागले. मऊ, पिवळीधमक डाळ समोर आली आणि हात आपणहून सुधाच्या गुळाच्या डब्याकडे गेला. वर वेलदोड्याची पूडही भुरभुरली.

मालिनीनं परतल्यावर बोटाच्या टोकानं चव घेतली. "ताई! ह्यात काय घातलं?"

"गूळ," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच कानशिलं तापली.

सुधा ओट्याला धरून हसत सुटली. "पुणं ते पुणंच!"

"आमचे लोक जन्मभर ऊस तोडत राहिले, ताई," मालिनीनं कपाळावर हात मारला. "पुरीत तरी साखर नको हो!"

उरलेल्या पातेल्याच्या डाळपुऱ्या तिनं रेशमासारख्या लाटल्या. माझ्या गोड पुऱ्या आमच्या खाण्यासाठी वेगळ्या फडक्यात बांधल्या.

सभागृहाच्या चिटणीस डोरीनबाई मूळच्या जमैकाच्या. वेलदोड्याच्या वासामागे त्या थेट आमच्या गाठोड्यापाशी पोचल्या, एक पुरी मिरचीच्या चटणीत बुडवली आणि गरकन वळल्या. "डार्लिंग, गोड आणि जहाल! शनिवार तुझा. पण हीच हवी!"

माझा जीव भांड्यात पडला. मालिनीचा चेहरा मात्र उतरला.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "ही पुण्याच्या ताईंची. माझी ती."

"होकार मिळालाय ना, पोरी?" डोरीनबाईंनी विचारलं.

"ताईंना मिळाला."

सुधानं माझा दंड घट्ट धरला. डोरीनबाईंनी मालिनीच्या डाळपुरीवर रुगाय पसरला, गुंडाळी केली. लाल रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्यांनी तो पुसलाही नाही. दुसरी मागितली. तिसरी स्वतःच उचलली.

"शनिवारी लवकर ये," तोंड भरलेलं असतानाच त्या म्हणाल्या. "रांगेत पहिली मी."

आम्ही तिघींनी तिथेच, भर सभागृहात, फुगडी घातली.

परतल्यावरच्या पहिल्या होळीला मी पुरणपोळीशेजारी वाटलेल्या मिरचीची वाटी ठेवली. सासूबाईंच्या भुवया चढल्या. एक घास झाला आणि वाटी त्यांच्याकडे सरकली. "तुझं डोकं भलतंच चालतं गं," त्या म्हणाल्या. कौतुक जिभेवर गुळासारखं विरघळत होतं. गिळून टाकणं किती सोपं होतं!

"माझं नाही, आई," मी म्हणाले. "डोकं लीड्सच्या डोरीनबाईंचं, मिरची मालिनीची."