सासूबाईंचं ‘दिसलं’

मी ज्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो त्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात, प्रवेश घ्या असं माझ्या सासूबाईंना मीच सुचवलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती आणि मी पूर्ण शुद्धीत होतो. अकोल्याला धाकट्या मेव्हणीचं लग्न उरकलं, घर रिकामं झालं, आणि सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, “आता काय करू? तुमच्याकडं पाहत बसू?” सासरे घाबरले. मी जावयाच्या दिलदारपणात बोलून गेलो, “आई, बारावी सायन्स झालंय ना तुमचं? पुढचं शिका की. अमरावतीला आमच्याकडे राहा.” महिन्याभरात त्या लोणच्याची बरणी आणि गॅपचं अॅफिडेव्हिट घेऊन राजापेठेतल्या आमच्या घरी हजर झाल्या. शिक्षणात खंड का पडला, या प्रश्नापुढे त्यांनी ‘संसार’ एवढंच लिहिलं होतं आणि नोटरीने त्यावर मुकाट्याने शिक्का मारला होता.

न दिसलेल्या गोष्टीला ‘दिसलं’ म्हणायचं नाही, या एका हट्टावर अख्खा जन्म काढणारं दुसरं माणूस वऱ्हाडात नसावं. चतुर्थीला ढग असले की शेजारणी पंचांगातली वेळ बघून ‘आला असेल चंद्र’ म्हणत ताटावर बसतात. सासूबाई गच्चीवर उपाशी उभ्या. “तो आला असन तं दिसन नं,” म्हणायच्या. माझ्या मुलीच्या वेळी सोनोग्राफीत डॉक्टरांनी ‘हे बघा नाक, हा हात’ म्हणून दाखवलं, तेव्हा बायको रडली, मीही नाक कोणावर गेलंय ते सांगून टाकलं. सासूबाई पडद्याजवळ जाऊन म्हणाल्या, “मले तं धुकं दिसून राहिलं.” फार कशाला, मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा ‘मुलगा हुशार दिसतो’ असं त्यांच्या घरातले सगळे म्हणाले. त्या म्हणाल्या, “मले नाई दिसला अजून. पाहू पुढं.” ते पाहणं अद्याप चालू आहे.

तर ही बाई पांढरा कोट घालून माझ्या प्रयोगशाळेत पहिल्या बाकावर बसली. घरी ‘जावाईबापू’ आणि कॉलेजात ‘सर’ असं आमचं ठरलं होतं, पण जिभेची सवय जाईना. त्यातून ‘बापूसर’ असा तोडगा निघाला आणि तो आठवड्याभरात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत पोचला. पहिलं प्रॅक्टिकल कांद्याच्या पापुद्र्याचं. ते आमच्याकडे कसं चालतं ते सांगतो. मायक्रोस्कोप मोजके, मुलं भरपूर. एकेकाने यायचं, वाकायचं, ‘दिसलं सर’ म्हणायचं आणि जागेवर जाऊन पुस्तकातली आकृती वहीत काढायची. मी असाच शिकलो आणि असंच शिकवत होतो. रांग झरझर पुढे सरकली आणि सासूबाईंपाशी थांबली.

“दिसलं?”

“नाई.”

मी फोकस फिरवला. “आता? विटांच्या भिंतीसारखं?”

“नुसता उजेड हाय, बापूसर. अन् मधात एक काळा ठिपका.”

“तेच! तेच केंद्रक!” मी विजयी मुद्रेने वर्गाकडे पाहिलं.

त्यांनी स्लाइड इकडे सरकवली, तिकडे सरकवली. “कांदा हालून राहिला, ठिपका जाग्यावरच हाय. कांद्याचा ठिपका कांद्यासंग काहून नाई जात?”

मागची मुलगी वैतागून म्हणाली, “अम्मा, हां बोल दो ना! बस छूट जाएगी.” मी वरचं भिंग काढलं, रुमालाने पुसलं, परत बसवलं. ठिपका गेला. कित्येक बॅचना मी केंद्रक म्हणून दाखवलेला तो धुळीचा कण माझ्या रुमालात होता.

त्या दिवसापासून त्यांनी मायक्रोस्कोप स्वतःच्या ताब्यात घेतला. आधी कमी शक्तीचं भिंग. मग बाजूने बघत ते स्लाइडच्या अगदी जवळ आणायचं आणि डोळा लावून हळूहळू वर घ्यायचं. हे मीच फळ्यावर लिहिलेलं होतं, पण त्याप्रमाणे वागणारं माणूस मी प्रथमच पाहत होतो. दुसरा डोळा मिटणाऱ्या पोरांना त्या दटावायच्या, “नेम धरून राहिला का बे? दोन्ही उघडे ठेव.” आठवडाभराने एका दुपारी त्या बराच वेळ वाकून होत्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, “दिसलं.” वर्गाने टाळ्या वाजवल्या. बस कुणाचीच सुटली नाही.

पण वार्षिक प्रॅक्टिकल जवळ आलं तशी माझी झोप उडाली. स्पॉटिंगमध्ये प्रत्येक मायक्रोस्कोपपुढे काय आहे ते ओळखून लिहायला दोन मिनिटं मिळतात. घंटा वाजली की पुढे. सासूबाईंना तर नुसता चष्मा वर करून बसायलाच दोन मिनिटं लागतात. “नापास झाली तं सरळ अकोल्याले जाईन, पुन्हा कॉलेजाचं नाव नाई काढनार,” हे त्यांनी आधीच जाहीर केलेलं. मी घरी विनवणी केली, “आई, दिसो न दिसो, काहीतरी लिहून टाका.”

त्या भाजी निवडत होत्या. “बारावीले एकच मायक्रोस्कोप होता आमच्या कॉलेजात. मागून पोट्ट्या ढकलून राहिल्या होत्या. मी म्हनलं, दिसलं. दिसलं काहीच नोतं. म्हनलं, पुढच्या वर्षी पाहू नीट.” त्यांनी एक किडका देठ बाजूला टाकला. “उन्हाळ्यात लग्न झालं.”

परीक्षेच्या दिवशी पर्णरंध्रांची स्लाइड मी ऐनवेळी घाईघाईत लावली. नात्यातली विद्यार्थिनी म्हणून सासूबाईंचा पेपर एकट्या बाहेरच्या परीक्षकांनी तपासायचा होता. ते अकोल्याहून आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. घंटा वाजत गेल्या. सासूबाईंचे दोन स्पॉट कोरे राहिले ते मी लांबून पाहिलं आणि मनातल्या मनात अकोल्याचं तिकीट काढलं. मग परीक्षक पेपर चाळू लागले. माझ्या स्लाइडपुढे सगळ्यांनी ‘पर्णरंध्र’ लिहिलेलं, दोन रक्षक पेशींची सुबक आकृती काढून, बाणांसकट. एका पेपरावर लिहिलं होतं: ‘हवेचा बुडबुडा. काठ काळा व जाड आहे. पर्णरंध्र शोधले, दिसले नाही.’

परीक्षक उठले आणि मायक्रोस्कोपवर वाकले. पेन्सिलीच्या टोकाने त्यांनी स्लाइडवरच्या पातळ काचेवर, कव्हरस्लिपवर, टिचकी मारली. “सर,” ते शांतपणे म्हणाले, “तुमचं पर्णरंध्र पळालं.” मग त्यांनी सासूबाईंच्या पेपरावर त्या स्पॉटचे पूर्ण मार्क दिले, बाकीचे तपासले, बेरीज केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई पास. आरामात पास. तुमचं मला विचारू नका.” बाहेर व्हरांड्यात ‘अम्मा पास!’ असा जो गलका उठला, तेवढा माझ्या लग्नातही उठला नव्हता.

संध्याकाळी मुलं गेली. मी कपाटं बंद करत होतो. सासूबाई पुन्हा पहिल्या बाकावर, कांद्याचा एक पापुद्रा काढून, डोळा लावून बसल्या होत्या. परीक्षा संपली होती, घंटा नव्हती. खिडकीतून तिरपं ऊन त्यांच्या पांढऱ्या कोटावर आलं होतं. “काय बघताय आता?” मी विचारलं.

“काई नाई. मागं कोनी नाई आज, म्हनून पाहून राहिली.” थोड्या वेळाने त्या सरकल्या आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली. “या, तुमीबी पाहा. फोकस लय सुंदर लागला.”

मला कुलपं लावायची होती, बायकोचा फोन वाजत होता. मी मान किंचित वाकवून म्हणालो, “वा! दिसलं, दिसलं.”

“डोळा तं लावा आधी,” सासूबाई म्हणाल्या.