सहा नंबरचा फलाट

कंट्रोलर काका कोणतीही गोष्ट दोनदा सांगायचे. "चहा झालेला आहे. चहा झालेला आहे." "गेटजवळ कुत्रं बसलेलं आहे, कृपया बघून जावे. गेटजवळ कुत्रं बसलेलं आहे." उभी नोकरी दर्यापूरच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून माइकसमोर गेली आणि तिथे प्रत्येक घोषणा दोनदा करायची रीत. नोकरी संपली, रीत मागे राहिली. घोषणा करताना भाषा अगदी पुस्तकी, आणि माइक बंद झाला की लगेच वऱ्हाडी. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, मी बहिरी नाही ना." तर म्हणाले, "बेटा, दोनदा सांगतलं तं मानूस एकदा आयकते." आणि मग हेही त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण अमरावतीतल्या आमच्या त्या तीन मजली इमारतीत ते नाव फक्त पोस्टमन वापरायचा. बाकी सगळ्यांचे ते कंट्रोलर काका. पुण्याच्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली तेव्हा मी आई-बाबांच्या बंद पडलेल्या फ्लॅटमध्ये परत आले. आई-बाबा दोघेही नव्हते. खालच्या फ्लॅटमध्ये काका एकटेच, काकूही गेलेल्या. वर एक माणूस, खाली एक माणूस आणि मध्ये सिमेंटचा स्लॅब, असा आमचा शेजार होता. माझा आवाज दिवसभर कानातल्या हेडफोनमधून पुण्या-बंगळुरात फिरायचा, आणि घरात मात्र कुकरच्या शिट्टीपलीकडे काही वाजायचं नाही.

सकाळी काका गेटवर उभे राहायचे. कोण कामावर निघालं, कोण माहेरी, कोण अकोल्याला दवाखान्यात, सगळ्यांच्या वेळा त्यांना पाठ. निघणाऱ्याला थांबवून विचारायचे, "डबा घेतला? पाणी घेतलं?" काही जण या चौकशीला कंटाळायचे. मीही आधी कंटाळायचे, खोटं कशाला बोलू? पण माझं जाणं-येणंच बंद झालेलं. कुठेच निघायचं नसलेल्या माणसाला कुणी 'निघाली का?' म्हणून विचारत नाही, हे मला तिथे राहायला लागल्यावर कळलं. मग मी मुद्दाम दुधाला सकाळी काकांच्या वेळेला खाली उतरायला लागले.

दर्यापूरची एक गोष्ट ते फार रंगवून सांगायचे. दिवाळी संपली की लेकी सासरी परत निघायच्या. गाडी फलाटावर लागलेली, लेक खिडकीत, खाली आई. चिवड्याचा डबा आत गेलेला, तरी आईचा हात खिडकीच्या गजावर तसाच. कंडक्टर घाई करत काकांकडे यायचा, कारण कंट्रोलरची सही झाल्याशिवाय गाडी हलत नाही. "मंग मी पेन धुंडो," काका सांगायचे. "टेबलावर पाहो, खिशात पाहो, खाली वाकून पाहो. कंडक्टर म्हने, साहेब, पेन तुमच्या कानावर हाय. मी म्हनो, हाव का?" आणि इतकं बोलून काका कानावर हात नेत. तिथे पेन नसायचं, तरी एकदा चाचपून बघायचेच.

विनू हा त्यांचा एकुलता एक मुलगा. कॅनडात होता. इकडे दिवेलागण झाली की तिकडे सकाळ. रोज त्या वेळी काका देवाजवळ दिवा लावायचे, इस्त्रीचा शर्ट चढवायचे, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायचे आणि व्हिडिओ कॉल लावायचे. खिडकी उघडी असायची, त्यामुळे तो कॉल अर्ध्या इमारतीला पाठ झालेला होता. "विनू, आवाज येऊन राहिला का? आवाज येऊन राहिला का?" तिकडून "बाबा, तुटतंय..." मग चित्र अडकायचं. मग कट. मग पुन्हा फोन. "आता? आता दिसून राहिला. जेवला का? जेवला का?" मी वर भाजी चिरत ऐकायचे. त्यांचं बोलणं संपेपर्यंत माझा स्वयंपाक उरकलेला असायचा, आणि खरं सांगायचं तर त्या आरडाओरड्यात मला जेवायला सोबत असल्यासारखं वाटायचं.

एक दिवस ते जिना चढून वर आले. "बेटा, तू कंपूटरवाली आहेस. आमचं नेट पाय ना जरा. पोट्ट्याचं थोबाड अर्धंच दिसते."

मी खाली गेले. राउटर फ्रिजवर ठेवलेला. त्याला काकूंनी विणलेलं क्रोशाचं झाकण आणि दसऱ्याला वाहिलेलं झेंडूचं फूल, वाळून कोळ झालेलं. मी ते दोन्ही बाजूला काढून ठेवलं आणि माझ्या फोनवर आसपासचे सगळे वायफाय दाखवणारं एक ॲप उघडलं. पडद्यावर रंगीत कमानी उमटल्या, एकीवर एक चढलेल्या. प्रत्येक कमान म्हणजे एका घरचा राउटर.

"हे तं चिखलदऱ्याचे डोंगर दिसून राहिले," काका म्हणाले.

मी त्यांना समजावलं. वायफाय हवेतून जातो, त्याला वाटा ठरलेल्या असतात, त्यांना चॅनल म्हणतात. नंबर पुष्कळ आहेत, पण एकमेकांच्या अंगावर न येणारे धड तीनच. एक, सहा आणि अकरा. आपल्या इमारतीत सगळ्यांकडे एकाच माणसाने राउटर बसवले आणि सगळे सहावर लावून तो निघून गेला. म्हणून गर्दी, म्हणून विनू अर्धा दिसतो.

काका खुर्चीतून उठलेच. "म्हंजे फलाट तीन, आन् साऱ्याच्या साऱ्या गाड्या सहावर? कंट्रोलर कोन हाय याचा?"

कुणीच नाही, मी म्हटलं. त्यांच्या हे मनाला लागलं. एवढा कारभार आणि कंट्रोलर नाही!

राउटरच्या पोटाशी चिकटवलेल्या कागदावर पत्ता आणि पासवर्ड होता. तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाकून मी सेटिंग उघडलं, वायरलेसमध्ये गेले, चॅनलच्या जागी सहा होतं तिथे अकरा निवडलं आणि सेव्ह केलं. काका खांद्यावरून एकेक टप्पा पाहत होते. राउटरचे दिवे विझले तसा त्यांनी माझा दंड धरला. "गेलं का?" थोड्या वेळाने दिवे परत आले आणि त्यांनी दंड सोडला.

ॲपमध्ये आता त्यांची कमान एका बाजूला सरकली होती. त्या वायफायला विनूने आईचं नाव दिलेलं, सुमन. बाकी सगळी नावं मध्ये दाटीवाटीने, आणि सुमन पार उजवीकडे. काकांनी त्या नावावर बोट ठेवलं. "एकटीच हाय तिकडे," ते म्हणाले. "म्हणून तर चांगलं चालेल आता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरोघर जाऊन घोषणा केली. तळमजल्याने एकवर जावे, वरच्यांनी अकरावर यावे. "तुमचं चालते ना काका? मंग झालं तं," असं म्हणत लोकांनी दारं लावून घेतली. ज्यांच्या शब्दावर दर्यापूरच्या गाड्या हलत, त्यांच्या सांगण्यावरून इथे एक राउटर हलला नाही.

पण त्यांचं नेट सुधारलं. संध्याकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला नाही तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले. पुढे बरेच दिवस खिडकी शांत होती. दिवा लागायचा, थोडंसं पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं आणि माझा कांदा चिरून होईपर्यंत सगळं गप्प. मला वाटलं, एकदाचं सगळं नीट झालं. मग एका संध्याकाळी दही मागायला खाली गेले तर काका इस्त्रीच्या शर्टात टेबलाशी बसलेले. फोन तांब्याला टेकलेला, पडदा काळा.

"लागला नाही का फोन?"

"लागला ना. झाला बी." ते हसले. "आता लय साफ दिसते, बेटा. त्याच्या दाढीतला पांढरा केस दिसते. मागचं घड्याळ दिसते. तो घड्याळाकडे पायते, थे बी दिसते."

दह्यासाठी आणलेली वाटी मी टेबलावर ठेवली आणि समोर बसले.

"त्याची चूक नाही. हापिसचा टाइम असते त्याचा. मी जेवला का म्हनतो, तो हो म्हनते. काल म्हने, बाबा, आलं ऐकू, एकदाच सांगत जा." काकांनी तांब्या सरळ केला. "एकदाच सांगतलं तं मंग पुढं काय सांगाचं, मले सुचतच नाही."

त्यानंतर काका बदलले. चहा झाला, एवढंच म्हणायचे, एकदा. गेटवरचं कुत्रंही एकदाच. लोकांना ते बरं वाटलं असावं. मला नाही वाटलं. आपण एका माणसाचं अर्धं बोलणं काढून घेतलंय, असं उगाच वाटत राहिलं.

आणि मग एका संध्याकाळी खिडकीतून आवाज आला, "विनू, आवाज येऊन राहिला का? आवाज येऊन राहिला का?"

मी तशीच ओल्या हातांनी खाली धावले. ॲप उघडलं. सुमन परत सहावर, सगळ्यांच्या मधोमध. पडद्यावर विनू तोंड उघडून अडकलेला, आणि काका समोर हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत बसलेले. कॉल तुटला तसं मी तडकले. "काका, कोणी हात लावला याला? त्या केबलवाल्याने का?"

"मीच लावला."

"तुम्ही? काहून?"

"तू केलं तवा पायलं होतं ना सारं. गाडी नेता येते तं परत बी आनता येते." त्यांनी पुन्हा विनूचा नंबर लावला. घंटी जात होती. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "असू दे बेटा. गर्दीच्या फलाटावरून गाडी निघायले वेळ लागते. तेवढी उभी राहते."

विनू आला. "बाबा? दिसतोय का मी?" "हाव, दिसून राहिला. तुले मी दिसून राहिलो का? दिसून राहिलो का?" तिकडून विनूही दोनदा 'हो' म्हणाला, जरा मोठ्याने, आणि हसला. घाईतला माणूस घड्याळ बघतो, पण समोरचा आपल्याला शोधतोय म्हटल्यावर तोही शोधायला लागतो. मी राउटरवर क्रोशाचं झाकण परत घातलं आणि वर आले. पुन्हा कधी त्या सेटिंगला हात लावला नाही.

पुढे काकांना चक्कर यायला लागली. एकदा गेटवरच बसले. विनू तिकडे घाबरला आणि काकांनी अकोल्याला आपल्या धाकट्या बहिणीकडे राहायला जायचं ठरलं. बहीण न्यायला आली. गाडी करू म्हणाली, तर काका म्हणाले, "बसनंच येतो." निघताना त्यांनी मला राउटर बंद करायला सांगितलं. मी बटण दाबलं. त्यांना बसवर सोडून वर आले आणि फोन उघडला तर यादीत सगळ्यांची नावं होती, सुमन नव्हती.

अकोल्याला गेल्यावर महिनाही पुरा झाला नाही आणि काका गेले. माझा राउटर मी मागाहून अकरावर नेला, तो अजून तिथेच आहे. मीटिंगमध्ये माझा शब्द न् शब्द पहिल्याच वेळी सगळ्यांना ऐकू जातो, आणि 'पुन्हा सांग' असं मला कुणी म्हणत नाही. काम संपलं की मी हेडफोन काढते, भाजी चिरायला घेते आणि खालची खिडकी बंद आहे हे माहीत असूनही थोडा वेळ कान तिकडेच असतो. काकांची फार आठवण येते.

मला आठवतो तो ते निघाले त्या दिवशीचा बसस्टँड. काका खिडकीशी बसलेले, पलीकडे बहीण, खाली मी. डबा दिला होता, पाणी दिलं होतं. माझा हात खिडकीच्या गजावर होता. इथला कंट्रोलर तरुण होता. कंडक्टर त्याच्याजवळ गेला तसं त्याने खिशातलं पेन काढून लगेच सही केली. इंजिन सुरू झालं.

काका वाकून म्हणाले, "अकोल्याले येजो."

एकदाच म्हणाले. इंजिनाचा आवाज होता, पण मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. मी दुसरा हात कानामागे धरला आणि ओरडले, "काय म्हणता काका? ऐकू नाही आलं!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. ताठ बसले, घसा साफ केला, आणि माइकसमोर बसल्यासारखा तो जुना आवाज लागला. "अकोल्याला यावे! अकोल्याला यावे!"

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. गाडी हलली. मी गजावरचा हात न सोडता तिच्यासोबत चालत राहिले आणि मान हलवत म्हणाले, "नाही आलं काका. पुन्हा सांगा."