टिकाऊ फोटोवाले

कुंडलमध्ये माझ्या पेढ्याच्या दुकानाला लागून एक फोटोवाले आहेत. अजून रोलवर काळेपांढरे फोटो काढतात आणि ते फिके पडू नयेत म्हणून शेवटी एका रसायनात बुडवतात. त्याला नासक्या अंड्याचा वास येतो. माझं गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरतं. मी तक्रार केली, की ते शांतपणे म्हणतात, "वास सांजच्याला जातोय. फोटो शंभर वर्षं ऱ्हातोय."

परवा असाच तक्रारीला गेलो, तर तिथे एक निवृत्त सुभेदार आपला तयार फोटो न्यायला आले होते. त्यांच्या बायकोने तो पाहून कपाळाला हात लावला. "आवं, ह्ये रागीट त्वांड शंभर वर्षं ठेवायचं व्हय?"

फोटोवाल्यांनी फोटो फाडला आणि सुभेदारांना पुन्हा स्टुलावर बसवलं. ते काही हसेनात. तेव्हा बाई पुढे सरकून बोट नाचवत म्हणाल्या, "लग्नातबी आसंच बसला हुता. माझ्या आईला वाटलं, जप्तीवालाच आलाय."

सुभेदारांना हसू आवरेना. फोटोवाल्यांनी तेवढ्यात खटका दाबला.

फोटो धुऊन आला, तर कडेला बाईंचा हात. "कापू का?" फोटोवाल्यांनी विचारलं.

"नगं," सुभेदार म्हणाले. "हात दिसला न्हाई, तर मी हसलो कशाला, ते कुणाला कळंल?"