कालचंच वचन

ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा वास आला की मला पप्पा दवाखान्यातून घरी आले ती दुपार आठवते. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दाराबाहेर ते रोज सकाळी फळ्यावर पवित्र शास्त्रातलं एक वचन लिहायचे. कुणी वाचतं का, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. छातीत कळ आली त्या सकाळी त्यांनी 'भिऊ नको' एवढंच लिहिलं होतं. पुढचा आठवडा आई आणि मी दवाखान्यात ये-जा करत होतो, फळ्याकडे बघायची शुद्ध कुणाला होती? त्यांना घेऊन रिक्षातून उतरलो, तेव्हा आईच थबकली. आमच्या गल्लीच्या धुळीत खडू दोन दिवस टिकत नाही, पण अक्षरं ताजी, पांढरीशुभ्र होती, नुसती जरा वाकडी झालेली. समोरचे बांगडीवाले चाचा दुकानातून उठून आले. "भाभी, नवीन वचन मला कुठलं येतंय? म्हणून रोज हेच गिरवलं. ते वाचल्याबिगर दुकान उघडल्यागत वाटतच न्हाई की." पप्पा चाचांचा खडूने माखलेला हात धरून उभे राहिले. आता फळा मी लिहिते. एखाद्या सकाळी मन अगदी कोरडं असतं, प्रार्थनेलाही शब्द फुटत नाहीत; त्या दिवशी मी कालचंच वचन गिरवते.