काविळीचं पाणी

वैशाखात ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या रस्त्यावर सोनमोहराच्या पाकळ्यांचा असा सडा पडतो, की सकाळी झाडून लख्ख केलेलं डांबर दुपारपर्यंत पुन्हा पिवळं होतं. येऊरच्या डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याला जळक्या पाचोळ्याचा वास असतो आणि त्या वाऱ्यात पाकळ्या थोड्या सरकतात, थांबतात, पुन्हा सरकतात. हा रंग मला लहानपणापासून फार प्रिय. काविळीच्या विषाणूवर संशोधन करणाऱ्या मुलीला पिवळा रंग आवडावा, यावरून प्रयोगशाळेत माझी यथेच्छ थट्टा होत असे आणि मीही ती मजेत ऐकून घेत असे. गेल्या वैशाखापासून मात्र त्या सड्यावर पाय ठेवताना मी जराशी बिचकते.

माझ्या पीएच.डी.चा विषय हिपॅटायटिस बी. या विषाणूचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. धडधाकट मोठ्या माणसाच्या रक्तात तो शिरला, तर बहुधा काही आठवडे पिवळंजर्द करून, अंथरुणाला खिळवून, आल्या वाटेने निघून जातो. पण आईकडून जन्माच्या वेळी बाळात शिरला, तर तिथे बिऱ्हाड थाटतो. ताप नाही, कावीळ नाही, तक्रार म्हणून कसली नाही. आणि वर्षानुवर्षं यकृतात राहून एक दिवस घरच पोखरून टाकतो. हे सगळं मी माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात, संदर्भांसह, अगदी थंड डोक्याने लिहून ठेवलं होतं.

आमची चाचणी दिसायला देखणी. प्लॅस्टिकच्या प्लेटमधल्या चिमुकल्या खळग्यांमध्ये रक्ताचा सीरम घालायचा. जिथे विषाणूची खूण असेल तिथे आधी निळसर छटा उमलते आणि शेवटी आम्लाचा थेंब पडला, की ती निळाई क्षणार्धात हळदीसारखी पिवळी होते. एका खळग्यात मात्र निरोगी माणसाचं रक्त असतं. तो नितळ राहायला हवा. तो नितळ राहिला तरच बाकीच्या पिवळ्यांवर भरवसा ठेवता येतो. हे निरोगी रक्त आणायचं कुठून? तर आमच्याकडची रीत अशी, की ज्याचा प्रयोग त्याने बाही वर करायची. आपण निरोगी आहोत हे तिथे कुणी सिद्ध करत नाही, सगळे गृहीतच धरून चालतात. मीही हसत हसत हात पुढे केला होता.

त्या दुपारी एसीचा गारवा, स्पिरिटचा वास आणि खिडकीच्या काचेवर चिकटलेली सोनमोहराची एक पाकळी, एवढं मला स्वच्छ आठवतं. आम्लाचे थेंब टाकत मी शेवटच्या ओळीशी आले आणि माझा खळगा पिवळा झाला; त्यातली आधीची निळाई माझ्या नजरेतून सुटली होती. फिकट नव्हे, शेजारच्या रुग्णांच्या खळग्यांहून गडद. मला भीती वाटली, पण चुकीची. हात कुठेतरी चुकला, नमुने मिसळले, असंच वाटलं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने माझं रक्त काढलं, स्वतः चाचणी लावली. खळगा पुन्हा पिवळा झाला. मग मी लस घेतल्याची आठवण करून दिली. प्रयोगशाळेत रुजू होताना आम्हा सगळ्यांना ती टोचतात.  चोर आधीच घरात येऊन बसलेला असेल, तर दाराला कितीही कड्या लावून उपयोग नसतो, हे मॅडमना माहीत होतं आणि मलाही.

"औषधं आहेत, तू घाबरू नकोस," त्या एवढंच म्हणाल्या. "पण आईंनाही तपासायला हवं."

आई ठाकुर्लीला राहते. तिच्याकडे जाताना, रिक्षात बसल्या बसल्या, मला तिच्या काविळीची गोष्ट आठवली. ही गोष्ट आईने मला इतक्यांदा सांगितली आहे, की ती माझीच आठवण असल्यासारखी वाटते. मी पोटात, दिवस भरत आलेले, आणि आईला कावीळ झाली. डोळे, नखं, सगळं पिवळं. बाबा खोपटच्या एसटी डेपोत नोकरीला होते. ते रजा टाकून तिला कल्याणपलीकडच्या एका गावात कावीळ उतरवणाऱ्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेले. त्याने तिच्या तळव्यांना कुठल्याशा सालीचा रस चोळला, परातीत चुन्याची निवळी ओतली आणि तिला हात धुवायला सांगितले. पाणी बघता बघता पिवळं झालं. दर खेपेला थोडं फिकट होत गेलं आणि आई बरी झाली. ते पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून बाबा दर वेळी परात सांभाळत गावाबाहेर जात आणि एका बाभळीच्या मुळाशी ओतून येत. हे सांगताना आईच्या डोळ्यांत अजूनही बाबांचं कौतुक दाटून येतं.

चुना आणि सालीच्या रसातून पिवळा रंग येतो, हे मला ठाऊक आहे. शाळेत शिकल्यावर मी आईला ते ऐटीत सांगितलंही होतं. पण त्या गोष्टीतलं पोटातलं बाळ मी होते, ही एवढी ढळढळीत गोष्ट मला विषाणूचा इतका अभ्यास करूनही दिसली नव्हती. गोष्टीत आपण असलो, की आपण तिच्याकडे गोष्ट म्हणूनच बघतो.

आईचा रिपोर्ट आला. विषाणू नव्हता. तो येऊन गेल्याची खूण तेवढी रक्तात उरली होती. मी सुटकेचा श्वास टाकला आणि तिला म्हटलं, "तू अगदी ठणठणीत आहेस." मग माझ्याबद्दलही सांगितलं, लपवून भागणारं नव्हतंच.

 "म्हणजे माझी गेली," ती सावकाश म्हणाली, "आणि तुझ्यात राहिली." मी औषधांचं बोलू लागले. रोज एक गोळी, दर काही महिन्यांनी तपासणी, यकृत अजून शाबूत आहे. सगळं खरं होतं, आणि ते तिच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. "इतकं जपून ओतलं गं ते पाणी त्यांनी," ती म्हणाली, "कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून."

मग ती उठली. ओट्यावरच्या डबीतून चुना घेतला, परातीत पाण्यात कालवला, निवळू दिला. परात माझ्यासमोर ठेवली आणि माझे दोन्ही हात मनगटांशी धरून पाण्यात बुडवले. मी हात काढून घेतले नाहीत. सालीच्या रसावाचून रंग येणार नाही हे मला पुरतं ठाऊक होतं; उभ्या आयुष्यात मी नितळ खळग्यांसाठीच जीव टाकत आले होते. तरी आईच्या चेहऱ्याकडे पाहताना, त्या पाण्याने एकदा, एकदाच पिवळं व्हावं असं मला फार वाटलं.

आई वाकून पाहत राहिली. पाणी नितळच राहिलं. तिने माझे हात बाहेर काढले, पदराला पुसले, आणि परात मोरीत न रिकामी करता दोन्ही हातांनी उचलून दाराकडे निघाली.