राहायची परवानगी

म्हसावदच्या स्टँडवर मला सोडायला आबा, माझे वडील, आले ते गळ्यात मोजपट्टी तशीच लटकवून. शिलाईचं दुकान तासाभरासाठीच बंद केलं होतं. शाळा उघडायच्या आधीचे दिवस होते आणि गणवेशांचा ढीग पडून होता. माय पदर तोंडाला लावून उभी होती. आबा शहाद्याच्या गाडीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मी म्हटलं, चालले आबा. तेव्हा वळले आणि म्हणाले, "जासू म्हनू नको. येसू म्हन." मी म्हटलं, "येसू."

या गोष्टीला सहा वर्षं होऊन गेली. हे लिहितेय ते गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. आबा गेले तेव्हा तू का आली नाहीस, असं मला पुष्कळांनी विचारलं. तोंडाने सांगायला गेले की दुसऱ्याच वाक्याला मी विषय बदलते. म्हणून लिहून सांगते.

नाशिकला नर्सिंग शिकून, तिथेच चार वर्षं काम करून मी उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात नोकरीला आले. माझं इंग्रजी आपल्या हायस्कुलातलं, पुढे नर्सिंगच्या पुस्तकातलं. परीक्षेपुरतं चांगलं होतं. इथे पहिल्याच आठवड्यात विनी नावाच्या नव्वदीच्या बाईने माझा हात धरून विचारलं, "आर यू स्टॉपिंग, लव्ह?" मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं करतेय आणि ती थांब म्हणतेय. मी हातातला कंगवा खाली ठेवला. बाजूची नर्स हसली. या भागात स्टॉपिंग म्हणजे राहणं. थोडा वेळ बसणार आहेस का, असं विनी विचारत होती. मी तिच्याजवळ बसले. त्यानंतर ती मला रोज तेच विचारायची आणि मी रोज हो म्हणायची, मग पाच मिनिटांत उठावं लागलं तरी.

राहण्यासाठी इथे किती शब्द! खोलीत शिरताना एखादी नर्स विचारायची, विनी कशी आहे? दुसरी सांगायची, स्टिल विथ अस. अजून आपल्यात आहे. माणसाच्या असण्याला 'अजून' लावलेलं मला सुरुवातीला टोचायचं. नंतर मीही तसंच म्हणू लागले.

माझ्या पाठोपाठ प्रकाश, माझा नवरा, आणि आमची तीन वर्षांची मुलगी आर्या इकडे आली. दोघांचा व्हिसा माझ्या व्हिसावर. पाच वर्षं झाली की कायमचं राहण्यासाठी अर्ज करता येतो. त्या परवानगीचं नाव 'लीव्ह टू रिमेन'. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा फॉर्म बाजूला ठेवून हसत सुटले होते. लीव्ह म्हणजे सोडून जाणं, फार तर सुट्टी. रिमेन म्हणजे उरणं, भागाकारात बाकी उरते तसं. प्रकाशला म्हटलं, हे आपल्याला जा म्हणताहेत की उरा म्हणताहेत? तोही हसला. आम्ही अर्ज भरला. जुन्या व्हिसाची मुदत संपली तरी निर्णय येईपर्यंत आम्हाला राहता येणार होतं. फक्त त्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज मागे घेतला असं धरणार होते. ते वाचलं आणि पुढचं पान उलटलं. तेव्हा कुठे जायचंच नव्हतं.

दीड महिन्याने, दुपारी जेवणाच्या ट्रॉल्या फिरत असताना भावाचा, सुनीलचा, फोन आला. आबा मशीनवरच एका अंगाला कलले होते. उजवी बाजू गेली होती. नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं होतं आणि डॉक्टर म्हणत होते, सांगता येत नाही.

मी व्हिसा खात्याच्या चौकशीचा नंबर लावला. बाईचा ध्वनिमुद्रित आवाज दर मिनिटाला सांगत होता, प्लीज कंटिन्यू टू होल्ड, म्हणजे फोन धरून राहा. मी लिननच्या खोलीत चादरींच्या घडीवर बसून ऐकत राहिले. शेवटी एक खरी बाई बोलली. फार गोड बोलली. वडिलांचं ऐकून तिला वाईट वाटलं, असं दोनदा म्हणाली. पण नियम तोच होता. गेलात तर अर्ज संपला, जुना व्हिसाही संपलाय, परत यायचं तर सगळं पहिल्यापासून, आणि तेही मिळेलच असं नाही. मग माझ्यासोबत प्रकाशचंही राहणं संपणार होतं, आर्याची शाळाही. लवकर निर्णय द्या अशी विनंती केली. ती पोचल्याचं उत्तर तेवढं आलं.

प्रकाश म्हणाला, तू जा, पुढचं बघू. तो मनापासून म्हणाला. मी बॅग काढली, आर्याने तिच्यात आपला स्वेटर आणून ठेवला, आणि मी बॅग पुन्हा कपाटावर टाकली. असं त्या आठवड्यात तीन वेळा झालं.

सुनील रोज व्हिडिओ कॉल लावायचा. आबांचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द घरंगळत यायचे. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "कव्हय येशी?" कधी येशील.

मी म्हटलं, "येसू आबा. अर्ज चाली ऱ्हायना." म्हणजे अर्ज अजून चालू आहे.

त्यांनी सुनीलकडे बघितलं. कसला अर्ज, हे सुनीलने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. तिकडे कायमचं राहायची परवानगी मागितलीये, ती मिळेपर्यंत तिला निघता येत नाही. आबांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

तेवढंच. सुनील म्हणतो, आबांनी परवानगी दिली, तिला तिथे राहू दे म्हणाले. मायला वाटतं, ते कंटाळून म्हणाले, राहू दे आता, नको येऊ. आपल्या बोलीत दोन्हीला शब्द एकच. मी तो आवाज आठवून आठवून झिजवलाय, आणि आता मला दोन्ही ऐकू येतात. पुन्हा विचारायची संधी मिळाली नाही. अकराव्या दिवशी सकाळी आबा गेले. अंत्ययात्रा मी मोबाईलवर पाहत होते. तेवढ्यात विनीच्या खोलीतली घंटा वाजली आणि मला फोन खिशात ठेवून जावं लागलं.

परवानगी तीन आठवड्यांनी आली. 'इनडेफिनिट' होती, म्हणजे मुदत नसलेली. आर्याने उड्या मारल्या. मी पत्र दोनदा वाचलं आणि डाळीला फोडणी द्यायला गेले.

गावी पोचले तोवर दिवसकार्य केव्हाच उरकलं होतं. दुकानात सुनीलने मोबाईलची कव्हरं टांगली होती; मशीन मागच्या खोलीत गेलं होतं. मायने मला पाणी दिलं, शेजारी बसली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पहिलं वाक्य बोलली, "कितला दिन ऱ्हाशी?"

तिचा काही दोष नव्हता. पापड किती लाटायचे, मावशीकडे कधी न्यायचं, याचा तिला हिशेब लागत होता. मी म्हटलं, सोळा. मग गल्लीत जो भेटला त्याने हेच विचारलं, आणि मी सोळा, पंधरा, बारा असं सांगत गेले.

निघायच्या आदल्या दिवशी मायला म्हटलं, माझ्याबरोबर चल. तिला कायमचं नेता येत नाही, हे मला ठाऊक होतं. नियम मी वाचले होते. तरी म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तठे माले कोन ऱ्हावू देई? आठे ऱ्हावाले माले कोनले इचारनं पडत नही."

घर म्हणजे काय, असं आता विचाराल तर मला दोन उत्तरं द्यावी लागतात. एका घरात मी हवं तितकं राहू शकते, तसं सरकारने लिहून दिलंय. दुसऱ्या घरात माझी माय राहते. तिथे मी दर वेळी दिवस ठरवूनच दारात उभी राहते, आणि ती दर वेळी आधी तेच विचारते.